अवघड खेळ आणि त्यांचे सोबती

मनुष्याच्या आठवणीत जयापेक्षा पराजय अधिक काळ टिकतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु तो पराजय हौसेने आठवावा, चारचौघांत त्याची उजळणी करावी आणि तसे करताना चेहरा फुलून यावा, असे सहसा घडत नाही. जुन्या व्हिडिओ खेळांच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते. बालपणी या खेळांत रमलेले आणि आता चाळिशी-पन्नाशीच्या घरात आलेले दोन अपरिचित गृहस्थ आगगाडीच्या डब्यात शेजारी बसले आणि बोलता बोलता विषय तेथवर आला, म्हणजे प्रथम एकमेकांचे आवडते खेळ विचारले जातात. हा प्रश्न दोन वाक्यांत संपतो. मग दुसरा प्रश्न निघतो, "तुम्ही कुठे अडकला होतात?" आणि त्यानंतर दोन स्टेशने केव्हा मागे पडली, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

ज्या अवघडपणाने मुलांना रडकुंडीस आणले, त्याच्याविषयी प्रौढपणी इतका जिव्हाळा का वाटावा? बालपणीचे सारेच गोड वाटते, हे त्याचे सोपे उत्तर झाले. पण ते पुरे पडत नाही. कारण सोपे खेळही त्याच बालपणातले होते आणि त्यांतील पुष्कळ आज कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. खरे उत्तर या खेळांच्या इतिहासात आहे. हा अवघडपणा कोणी घातला, का घातला आणि खेळणाऱ्यांनी त्याचे काय केले, हे क्रमाने पाहिले म्हणजे असे दिसते की, जो गुण धंद्याच्या हिशेबातून आणि यंत्राच्या दारिद्र्यातून जन्मला, त्याच्याच आधाराने माणसांनी एकमेकांची संगत जोडली.

अगदी आरंभीचे खेळ कोणाच्या खिशावर डोळा ठेवून तयार झालेले नव्हते. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने १९५८ च्या ऑक्टोबरात, प्रयोगशाळा पाहण्यास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा वाटोळ्या काचेवर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र यांनी 'स्पेसवॉर' रचला. मध्यभागी एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण आणि त्या ओढीत सापडून एकमेकांवर मारा करणारी दोन अवकाशयाने, असा तो खेळ होता. तो कठीण होता खरा. पण खेळणारे विद्यार्थी न्यूटनचे नियम जाणणारे होते आणि शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी हाच त्यांचा गुरू असे.

ही कल्पना बाजारात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७१ साली झाला. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचे, नाणे टाकून खेळावयाचे यंत्र सिद्ध केले. विद्यापीठांच्या आसपास ते बरे चालले. परंतु दिवसभराच्या श्रमानंतर मद्यगृहात येऊन बसणाऱ्या सामान्य माणसास यान कसे वळवावे आणि कसे रेटावे हे उमगेना. या अपयशापासून बुशनेलने एक धडा घेतला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याच्या अटारी कंपनीसाठी ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने 'पाँग' तयार केला. दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच त्याचा पसारा. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवलेले पहिले यंत्र थोड्याच दिवसांत चालेनासे झाले. ते उघडून पाहिले तेव्हा आतील विद्युतरचनेत काहीच बिघाड नव्हता. नाण्यांची पेटी मात्र ओसंडून वाहत होती. शिकावयास सोपा पण पारंगत होण्यास कठीण, तोच खेळ उत्तम, हे सूत्र तेव्हापासून बुशनेलच्या नावाने ओळखले जाते.

या सूत्रात खेळणाऱ्याचा आनंद आणि यंत्रमालकाचा नफा असे दोन हेतू एकत्र नांदतात. नाण्याच्या यंत्राचे गणित साधे आहे. एखादा मनुष्य एका नाण्यावर तासभर खेळत राहिला, तर मालकाचे दिवाळे निघावयाचे. उलट तो अर्ध्या मिनिटात बाद झाला, तर चिडून निघून जावयाचा. यास्तव खेळाने त्याला काही मिनिटांत बाद तर करावे, पण बाद होताना चूक आपलीच होती आणि पुढच्या खेपेस ती टाळता येईल, असे त्याच्या मनाने घ्यावे. अमेरिकेत पंचवीस सेंटांच्या आणि जपानात शंभर येनांच्या नाण्याभोवती हे सारे शास्त्र रचले गेले. अवघडपणा हा या धंद्याचा जणू गल्ला होता.

तरीही तो केवळ हिशेबाने आला असे नव्हे; कित्येकदा तो यंत्राच्या दुर्बलतेतूनही आला. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो याने 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, असे पंचावन्न परग्रहवासी शत्रू पडद्यावर सरकत खाली येत. इतकी चित्रे एकसारखी हलविताना यंत्राची दमछाक होई आणि सैन्य मंद गतीने चाले. शत्रू मारले जाऊ लागले म्हणजे यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागत. निशिकादोने हा दोष तसाच राहू दिला. त्यामुळे विजय जसजसा जवळ येई, तसतसे संकट वाढत जाई. वाढत्या कठीणतेचे जे तत्त्व पुढे सर्व खेळांनी उचलले, त्याच्या एका ठळक आविष्काराचे श्रेय अशा रीतीने एका थकलेल्या यंत्राकडे जाते.

लोकही बदलत होते. १९८१ साली अमेरिकेत यूजीन जार्व्हिस याचा 'डिफेंडर' हा खेळ आला. एक दांडी आणि पाच कळा, शिवाय पडद्याबाहेर चाललेल्या युद्धाचा लहानसा नकाशा डोळ्यांपुढे! प्रदर्शनात तो पाहणाऱ्या अनेक व्यावसायिकांना असे वाटले की, इतका बिकट खेळ कोणी खेळणार नाही. त्यांचा अंदाज साफ चुकला. दहा वर्षांपूर्वी साध्या यानाने गांगरलेला तोच समाज आता रांगा लावून हरण्यास उभा राहिला. मधल्या काळात त्याला शिक्षण मिळाले होते आणि ते कोणत्याही शाळेत मिळाले नव्हते. खेळगृहांत एकजण खेळे आणि चौघे त्याच्या खांद्यावरून पाहत. त्या पाहणाऱ्यांत टीका होई, सल्ले दिले जात आणि पुढच्या खेळणाऱ्याच्या मनात ते साठत जात.

या सामूहिक अभ्यासाचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८० साली नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी याने रचलेला 'पॅक-मॅन'. पुरुषांनी भरलेल्या खेळगृहांत स्त्रियांनीही यावे, म्हणून त्याने युद्ध सोडून खाणे हा विषय निवडला. चक्रव्यूहातील सारे ठिपके खाऊन टाकावयाचे आणि चार भुतांपासून जीव वाचवावयाचा, हा त्याचा नियम. चारही भुतांचा आकार सारखाच होता. पण त्यांचे स्वभाव निराळे होते. एक थेट पाठलाग करी. दुसरे पॅक-मॅनच्या तोंडापुढची जागा हेरून आडवे येई. तिसरे पहिल्या भुताची जागा पाहून आपली चाल ठरवी. चौथे दुरून चालून येई, पण जवळ येताच मागे फिरे. हे नियम कोठे छापलेले नव्हते. खेळणाऱ्यांनी ते निरीक्षणाने ताडले, त्यांवरून सुरक्षित वाटा आखल्या आणि एकमेकांना शिकविल्या. पुढे तर त्या वाटा सांगणारी पुस्तकेही निघाली. त्या वाटांनी फार दूर जाणाऱ्यास शेवटी एक विलक्षण दृश्य दिसे. फेऱ्या मोजण्यासाठी यंत्रात आठ अंकस्थानांचीच जागा असल्यामुळे २५६ व्या फेरीत गणती कोलमडे आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अर्थहीन अक्षरांनी भरून जाई. त्यापुढे रस्ताच नव्हता. म्हणून या खेळात मिळू शकणारे कमाल गुण ३३,३३,३६० एवढेच आहेत. ज्याने अंत रचलाच नव्हता, त्याच्या खेळाचा अंत खेळणाऱ्यांनी शोधून काढला.

प्रत्येक अवघडपणा असा आदरास पात्र होता, असे मात्र नाही. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्रांसाठी अटारीने १९८२ साली 'ई.टी.' या लोकप्रिय चित्रपटावरून एक खेळ बाजारात आणला. नाताळपूर्वी तो तयार व्हावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या रचनाकारास अवघे पाच आठवडे मिळाले. नायक पुनःपुन्हा खड्ड्यांत पडे, आणि तो का पडला व बाहेर कसा येईल हे मुलांस कळत नसे. येथे चूक खेळणाऱ्याची नव्हती आणि ते त्याला चांगले समजत होते. असंख्य प्रती पडून राहिल्या. १९८३ च्या सप्टेंबरात अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील ॲलमोगोर्डो येथे खड्ड्यात पुरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो उकरण्यात आला तेव्हा त्यात या खेळाच्या प्रतीही निघाल्या. न्याय्य अवघडपणा आणि अन्याय्य अवघडपणा यांतील भेद ज्या ग्राहकांनी ओळखला, त्यांत मोठा भाग शाळकरी मुलांचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

घरगुती खेळांचा दुसरा कालखंड १९८३ च्या जुलैत जपानात निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम' यंत्राने सुरू झाला. घरात नाणे नव्हते. तरी अवघडपणा गेला नाही, कारण त्याला आता निराळे कारण मिळाले. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला, १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सारा खेळ ४० किलोबाइट एवढ्या जागेत बसविला होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्रालाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते. जागेची काटकसर इतकी की, त्यातील ढग आणि झुडूप यांची आकृती एकच आहे, फक्त रंग वेगळा. सर्व आडवाटा ठाऊक असलेला निष्णात खेळाडू हा खेळ पाच मिनिटांच्या आत संपवितो. मग ज्या पालकाने त्यासाठी पैसे मोजले, त्याच्या मुलास तो कित्येक महिने कसा पुरावा? मार्ग एकच होता. खेळ लहान असला तरी शेवटास पोहोचणे कठीण करावयाचे. गरीब गृहिणीने थोड्या धान्यात घर चालवावे, तसा त्या काळच्या रचनाकारांनी थोड्या सामग्रीत मुलांचा वेळ भरून काढला.

मियामोतोच्या रचनेत या कठीणतेला मायाळूपणाची जोड होती. पहिल्याच पडद्यावर एक लहानसा शत्रू चालत येतो. त्याला धडकले तर जीव जातो, उडी मारली तर तो चिरडला जातो. एक शब्दही न लिहिता मूल उडी शिकते. पण १९८६ च्या जूनमध्ये जपानात निघालेल्या दुसऱ्या भागात ही माया आटलेली दिसते. पहिल्या भागात पारंगत झालेल्यांसाठीच तो रचलेला असल्यामुळे त्यात विषारी अळंबी आहे, उडी भलतीकडे नेणारा वारा आहे आणि जवळची वाट समजून शिरावे तर मागच्या प्रदेशात नेऊन सोडणारे भुयारही आहे. अमेरिकेतील शाखेस हा भाग तेथील बाजारासाठी फार कठीण वाटला. म्हणून १९८८ साली एका वेगळ्याच जपानी खेळातील पात्रे बदलून तो अमेरिकेत मारिओचा दुसरा भाग म्हणून विकण्यात आला. मूळ दुसरा भाग तेथील मुलांना १९९३ मध्ये पाहावयास मिळाला.

याच्या उलट अमेरिकेसाठी खेळ मुद्दाम कठीण केल्याचीही उदाहरणे आहेत. जपानात खेळ भाड्याने देण्यास कायद्याने प्रतिबंध होता. अमेरिकेत मात्र शनिवार-रविवारपुरता खेळ भाड्याने नेण्याची सोय दुकानोदुकानी होती. दोन दिवसांत मुलाने तो संपविला तर विकत कोण घेणार, ही प्रकाशकांची चिंता. १९९१ च्या 'निंजा गायडेन' खेळाच्या तिसऱ्या भागात जपानी मुलांना हरल्यानंतर पुन्हा पुढे खेळण्याची अनिर्बंध मुभा होती. अमेरिकी मुलांना ती पाच वेळांपुरतीच मिळाली. आणि कॅपकॉम कंपनीच्या तोकुरो फुजिवारा याने १९८५ साली रचलेल्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' या खेळाने तर कळसच गाठला. त्यातील शूर सरदाराला पहिला घाव बसला की चिलखत गळून पडे आणि तो नुसत्या चड्डीवर पळू लागे. दुसऱ्या घावात प्राण जाई. अपार कष्टाने शेवटास पोहोचावे, तर हा सारा मायेचा भ्रम होता, पुन्हा पहिल्यापासून खेळा, असा संदेश येई! खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच. या खेळाने छळले नाही असा त्या पिढीतला खेळाडू विरळा. आणि आवडत्या खेळांच्या गप्पांत त्याचे नाव निघाले नाही, असेही क्वचितच होते.

येथवरचा इतिहास रचनाकारांचा आणि व्यापाऱ्यांचा झाला. त्याची दुसरी बाजू खेळणाऱ्यांची आहे, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण १९८४ साली जपानात घडले. नाम्को कंपनीच्या मासानोबू एंदो याने 'टॉवर ऑफ द्रुआगा' हा खेळ रचला. मेसोपोटेमियाच्या पुराणकथांतून घेतलेला गिल हा वीर साठ मजल्यांच्या मनोऱ्यात शिरतो आणि बंदिवासातील 'की' नावाच्या कुमारिकेची सुटका करतो, असे त्याचे कथानक. मजल्यामजल्यावर एक गुप्त वस्तू दडविलेली असे. आणि ती प्रकट होण्यासाठी काय करावयाचे, हे कोठेही सांगितलेले नसे. कोठे अमुक शत्रू अमुक क्रमाने मारावयाचे, तर कोठे ठराविक जागेवरून जावयाचे. त्यांतील काही वस्तू मिळाल्यावाचून पुढचा मार्ग बंद. एकट्या माणसाने सारी नाणी ओतली असती तरी हे कोडे सुटणे दुरापास्त होते.

मग ते सुटले कसे? जपानी खेळगृहांत यंत्रांजवळ साध्या वह्या ठेवलेल्या असत. एखाद्याला एका मजल्याचे रहस्य सापडले की तो ते वहीत टिपून ठेवी. दुसरा येई, ते वाचून पुढे जाई आणि पुढच्या मजल्याची भर घाली. कधी कोणी चुकीचे लिही, तर तिसरा ते खोडून दुरुस्त करी. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेही नाही, अशा मुलांनी वहीच्या पानांवर मिळून तो मनोरा सर केला. द्रुआगाचा अवघडपणा न्याय्य होता असे म्हणणे कठीण आहे. परंतु त्याने एक गोष्ट सिद्ध केली. एकट्याला अशक्य असलेला खेळ माणसांना एकमेकांकडे जावयास लावतो. यंत्रात निम्माच खेळ असतो. उरलेला निम्मा माणसांच्या बोलण्यात असतो.

हेच सूत्र पुढे निरनिराळ्या रूपांत दिसते. अमेरिकेत निन्टेन्डोने अडलेल्या मुलांसाठी दूरध्वनीवर उत्तरे देणारे सल्लागार नेमले आणि १९८८ पासून नकाशे व युक्त्या छापणारे मासिक काढले. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो हा रचनाकार १९८६ साली 'ग्रॅडियस' हा खेळ फॅमिकॉमसाठी तयार करीत असता, तपासणीसाठी तो खेळून पाहणे त्याला स्वतःलाच जमेना. म्हणून त्याने कळांचा एक गुप्त क्रम ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, मग बी आणि ए. तो क्रम दाबला की सारी शस्त्रे एकदम मिळत. हा क्रम विक्रीच्या प्रतींतही राहून गेला. तोच पुढे १९८८ साली घरगुती यंत्रासाठी निघालेल्या 'कॉन्ट्रा' या युद्धखेळात तीस जीव मिळवून देणारा मंत्र ठरला. हाशिमोतो २०२० साली निवर्तला तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी याच क्रमाची आठवण काढली.

हा मंत्र भारतातही आला, पण राजमार्गाने नव्हे. फॅमिकॉम यंत्र मूळ नावाने भारतात फारसे पोहोचलेच नाही. १९९० नंतरच्या दशकात आली ती त्याची स्वस्त अनुकृती, जशी रशियात १९९२ पासून 'डेंडी' या नावाने आली होती. आपल्याकडे खेळाच्या डबीला 'कॅसेट' म्हणत. एकाच कॅसेटमध्ये ९,९९९ खेळ असल्याची ग्वाही वेष्टनावर असे. प्रत्यक्षात मोजके खेळच पुनःपुन्हा, कधी वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून, यादीत भरलेले असत. सोबत माहितीपुस्तिका नाही, मासिक नाही, दूरध्वनीवरचा सल्लागार तर नाहीच. ज्यांच्या घरी यंत्र नसे ती मुले तासावर पैसे भरून गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात खेळत, आणि पैसे नसलेली मागे उभी राहून पाहत. आट्यापाट्या किंवा पत्ते यांत जसा 'भिडू' लागतो, तसाच तो येथेही लागे. एक शत्रूंना अडवी, दुसरा पुढे धावे, तिसरा मागून ओरडे, "आता वाकून बस, वरून गोळी येईल." पडद्यावरील इंग्रजी वाचता न येणाऱ्या मुलालाही कोणत्या विटेखाली जीव दडला आहे ते पाठ असे, कारण ते त्याला कोणीतरी सांगितलेले असे.

या मौखिक परंपरेत असत्यही शिरे, जसे सर्वच मौखिक परंपरांत शिरते. कॅसेट चालेनाशी झाली की ती काढून तिच्या दात्यांवर फुंकर घालावी, हा समज अमेरिकेपासून भारतापर्यंत सर्वत्र पसरला होता. वस्तुतः कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने तिचा संपर्क नीट जुळे; फुंकरीतील ओलाव्याने दात्यांची हानीच होई. पण हजारो मैलांवरच्या, एकमेकांची भाषाही न जाणणाऱ्या मुलांनी एकच चूक एकाच श्रद्धेने करावी, यावरून त्या बोलण्याचा पल्ला केवढा होता हे ध्यानात येते.

असे संचित ज्ञान किती दूर नेऊ शकते, याची साक्ष 'टेट्रिस'ने दिली. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ॲलेक्सी पाजित्नोव्ह याने १९८४ साली हा खेळ रचला. १९८९ साली निन्टेन्डोच्या यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीत एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळे सेकंदाला साठ ओळी या गतीने कोसळतात, म्हणजे एका सेकंदाच्या तृतीयांशात तळ गाठतात. कळ दाबून धरली तर ठोकळा तेवढ्या अवधीत जेमतेम तीन-चार घरे सरकतो. कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सुमारे दोन दशके ही पातळी म्हणजे मनुष्यशक्तीची सीमा मानली गेली. पुढे कोणी अंगठा थरथरवून कळ झपाट्याने दाबण्याची रीत काढली. मग कोणी कंट्रोलरच्या पाठीवर बोटांनी, तबल्यावर ताल धरावा तशी, टकटक करण्याची कला शोधली. प्रत्येकाने आपली रीत इतरांस मोकळेपणाने दाखविली. अखेर २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाने १५७ वी पातळी गाठली आणि तेथे खेळाचा कार्यक्रमच गोठून गेला. चौतीस वर्षे यंत्राने माणसांना हरविले होते. त्या दिवशी प्रथमच माणसापुढे यंत्र थांबले. तो विजय एका मुलाचा खराच. पण त्याच्या बोटांत त्याच्या जन्मापूर्वीपासून हरत आलेल्या अनेकांची विद्या होती.

अवघडपणाची ही बाजू मांडताना दुसरी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याच्या खिशात दुसरे नाणे नव्हते, ज्याचा हात झटपट चालत नव्हता, ज्याची दृष्टी अधू होती, त्याच्यासाठी त्या काळच्या खेळांनी दार लावूनच घेतले होते. खेळगृहांत मुलींना सहसा मोकळेपणा नसे आणि आपल्या गल्लीतल्या दुकानांतही तो नव्हता. जुने ते सारे न्याय्य होते असे म्हणणे हा त्या वगळलेल्यांवर अन्याय होईल. अलीकडे पुष्कळ खेळांत कठीणतेचे प्रमाण खेळणाऱ्याने आपले आपण ठरवावे, अशी सोय असते. ही सुधारणाच होय. परंतु त्याच वेळी बिकट खेळांची ओढही संपलेली नाही. २००९ साली जपानात हिदेताका मियाझाकी याने रचलेल्या 'डीमन्स सोल्स' या अत्यंत कठीण खेळात खेळणाऱ्याला वाटेवर इतरांसाठी छोटे संदेश लिहून ठेवता येतात: येथे जपा, येथे सापळा आहे. खेळगृहातील ती वही आता खेळाच्या आतच जाऊन बसली आहे.

जुन्या खेळांवर मात्र दुसरेच संकट आले आहे. व्हिडिओ खेळांच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका अमेरिकी प्रतिष्ठानाने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी ते जतन करावेत आणि अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात अमान्य केली. यंत्रे गंजतात, कॅसेटींतील विद्युतघट संपतात, जुने दूरचित्रवाणी संच भंगारात जातात. तरीही यंत्राची प्रतिकृती करता येईल. खेळही कोठेतरी नकलून ठेवता येईल. जे नकलता येणार नाही ते हे की, अमुक टप्प्यावर अमुक गल्लीतील मुले कशी अडली, कोणी कोणाला कोणती युक्ती सांगितली आणि तिला ते कोणत्या शब्दाने ओळखत. भारतातील त्या दुकानांत कोणी वही ठेवली नव्हती. तिची पाने त्या मुलांच्या स्मरणात आहेत आणि ती मुले आता पन्नाशीकडे झुकली आहेत.

म्हणून असे दोन प्रौढ गृहस्थ आगगाडीत बसून आपण कोठे हरलो ते एकमेकांना सांगू लागले, तर तो पोरखेळ समजून त्यांना हसणे बरोबर नाही. राजांच्या लढायांचे वृत्तान्त लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मुलांच्या डावांचे वृत्तान्त लिहून ठेवण्याची नाही. जे मुलांनी एकमेकांना शिकविले आणि ज्याच्या बळावर ती एकत्र बसली, ते समाजाच्या इतिहासाचेच एक पान आहे. ते बोलणे चालू आहे तोवर कोणीतरी ते टिपून घेतले पाहिजे.